नाथसागर कुणाच्या पावसाने भरतो?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, त्यावर पुरेसं लिहून झालं आहे. पूर्व परीक्षा अजून बहुपर्यायीच आहे, आणि अभ्यासिकांमधली मुलं तिचा सराव आता मोबाइलमधल्या एआयकडून करून घेऊ लागली आहेत. त्याला ‘अवघड प्रश्न दे’ म्हटलं की तो आडबाजूचा तपशील विचारतो. जायकवाडीला दरवाजे किती? पाठ असेल त्याला येतं, नसेल त्याला येत नाही. याला अवघड म्हणायला मी तयार नाही.

आता हा प्रश्न पाहा. पावसाळ्यात आठवडाभरात जायकवाडीच्या नाथसागराचा साठा झपाट्याने वाढला, तर जोरदार पाऊस बहुधा कुठे झाला असेल? पैठण, बीड, नांदेड की नाशिक? गोदावरीचा नकाशा डोळ्यांपुढे असलेली मुलगी नाशिक म्हणते. धरण जिथे, पाऊस तिथेच, असं धरून चालणारा पैठणवर फसतो. चुकीचा पर्याय असा मुलांच्या खऱ्या समजुतीतून यावा लागतो.

छोट्या भाषा-मॉडेलला असे प्रश्न काढायला शिकवता येईल, असं मला वाटतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेलं सर्वम-1 हे मॉडेल दोन अब्ज पॅरामीटरचं आहे आणि त्याला मराठी येते. 2021 मध्ये मांडलेल्या ‘लोरा’ पद्धतीत मूळ मॉडेल तसंच ठेवून सोबत जोडलेला लहानसा भाग तेवढा शिकवतात. एका ग्राफिक्स कार्डावर काम भागतं. शिवाय खरी प्रश्नपत्रिका काढायची असली, तरी असं मॉडेल इंटरनेट तोडलेल्या संगणकावर, गोपनीय कक्षातच चालतं. आरोग्य विभागाच्या 2021 च्या भरतीचा पेपर फुटलेला पाहिलेल्या राज्यात प्रश्नपत्रिका बाहेरच्या सर्व्हरवर जाताच कामा नये.

अडतं ते शिकवायच्या सामग्रीपाशी. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने ‘महास्क्वाड’ हा एक लाखाहून अधिक प्रश्नांचा मराठी संच केला. काम मोलाचं आहे. पण तो इंग्रजी संचाचा अनुवाद आहे आणि त्यात उत्तर दिलेल्या उताऱ्यातच शोधायचं असतं. नाथसागराचा प्रश्न त्यातून घडणार नाही.

दुसरा धोका याहून मोठा. मॉडेलला फक्त ‘अवघड’ हेच ध्येय दिलं, तर ते चुकीचे प्रश्न काढायला शिकेल, कारण दोन पर्याय बरोबर असलेला प्रश्न कुणालाच धड सुटत नाही. उत्तरतालिकेवर हरकती घेतलेल्या उमेदवारांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून किती जण चुकले एवढंच मोजून भागत नाही. कोण चुकले, ते पाहावं लागतं. त्यासाठी ट्रुमन केली यांनी 1939 मध्ये सुचवलेली विभागणी आजही वापरतात: एकूण गुणांनुसार वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के परीक्षार्थी घ्यायचे. वरच्या शंभरातल्या 60 जणांना प्रश्न सुटला आणि खालच्या शंभरातल्या 15 जणांना, तर फरक 0.45, प्रश्न उत्तम. खालच्यांपेक्षा वरचेच जास्त चुकले, तर आधी उत्तरतालिका तपासायची. असे मोजून पारखलेले चांगले-वाईट प्रश्न जोडीजोडीने मॉडेलपुढे ठेवले, तर ते काहीतरी शिकेल.

ही पारख ओएमआर उत्तरपत्रिकांमधूनच होऊ शकते. कोणत्या पर्यायावर किती जणांनी गोल काळा केला, हे नावं आणि बैठक क्रमांक वगळून लोकसेवा आयोगाने आणि विद्यापीठांनी खुलं करावं. पैठणवर किती जण फसले, हे मॉडेलला कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही.