साखर कारखान्यातील कोबा

गळिताचा हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यात चरक रात्रंदिवस फिरत असतात. उसाचा रस व मळी अधूनमधून खालच्या कोब्यावर सांडत असते. काँक्रीटचा हा कोबा नवा असताना पाषाणासारखा कठीण भासतो. परंतु जेथे रस नित्य सांडतो, तेथे काही हंगामांतच तो खरबरीत होतो, खडी उघडी पडते आणि खळग्यांत रस साचू लागतो. अशा निसरड्या जागेवरून ओझे नेणाऱ्या कामगाराचा पाय केव्हा घसरेल, याचा नेम नसतो.

गोड रसाने एवढी कठीण जमीन कशी झिजावी? सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून खडी आणि वाळू यांना जखडून ठेवणारा पदार्थ तयार होतो. त्याच वेळी भिजवलेल्या चुन्यासारखे एक द्रव्यही निर्माण होते. सांडलेला रस सूक्ष्म जंतूंमुळे आंबतो व त्यात आम्ले उत्पन्न होतात. आम्लाचे आणि चुन्याचे हाडवैर! शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला, की तेथे पांढुरका डाग उठतो. शहाबादी हा चुनखडीचाच दगड होय. कोब्यातील चुनाही आम्लात असाच विरघळतो आणि पाठोपाठ खडीला धरून ठेवणारा पदार्थही सुटू लागतो.

आम्लाला आत शिरण्यास वाट मात्र बहुधा माणूसच करून देतो. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याशी रासायनिक संयोग पावण्यास सुमारे 12 लिटर पाणी लागते. माल नीट कालवता व पसरता यावा म्हणून ते 20 ते 22 लिटरपर्यंत घेतात. येथे थांबणे इष्ट असते. परंतु सैल माल थापीखाली सहज सरकतो; म्हणून गवंडी आणखी एखादी बादली ओततो. हे जादा पाणी पुढे उडून जाते व मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे ठेवते. पाणी वाढले की काँक्रीटचे बळ घटते, हे अमेरिकेतील डफ एब्रॅम्स यांनी 1918 साली पुष्कळ प्रयोगांती दाखवून दिले होते. आता थोड्या पाण्यातही माल सैल ठेवणारी रसायने मिळतात.

चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाची बारीक राख निघते. ती सिमेंटमध्ये मिसळल्यास त्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून तिचाही चिकट पदार्थ बनतो आणि छिद्रे बुजतात. हे काम संथपणे चालते. म्हणून साध्या कोब्यावर निदान 7 दिवस, तर राखमिश्रित कोब्यावर निदान 10 दिवस पाणी मारावे लागते.

इतके करूनही तीव्र आम्लापुढे सिमेंटचा टिकाव लागत नाही. अशा जागी कोब्यावर आम्लरोधक विटा बसवून त्यांचे सांधे राळेसारख्या कृत्रिम द्रव्याने भरतात. जमिनीला गटाराकडे उतार देतात, म्हणजे सांडलेला रस आंबण्यापूर्वीच पाण्याने धुऊन काढता येतो.