अगस्तीच्या खाली, क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात

नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास तिथून दक्षिणेला पाहिलं, तर अगस्ती तारा ठळक दिसतो. त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात, मॅगेलनचा मोठा मेघ असतो. इथून तो जेमतेम अंशभर वर येतो, म्हणजे दिसत नाहीच. धाकटा मेघ तर उगवतही नाही. या दोन उपदीर्घिकांनी आपल्या आकाशगंगेची घडी कशी विस्कटली, हे उमगायला पन्नास वर्षं लागली.

हायड्रोजन वायूचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा संदेश १९५१ मध्ये पहिल्यांदा टिपला गेला. १९५७ पर्यंत लक्षात आलं की आकाशगंगेची तबकडी सपाट नाही. भाजताना पापडाची कड वळते तशी तिची वायूची कड एकीकडे वर, दुसरीकडे खाली गेली आहे. संशय लगेच मेघांवर गेला, पण गणित जुळेना. एवढ्या लांबून त्यांची ओढ फारच तोकडी पडत होती.

१९७४ मध्ये मेघांच्या मागे आकाशभर लांबलेला वायूचा पट्टा ओळखला गेला: मॅगेलनचा प्रवाह. २००६ मध्ये वाइनबर्ग आणि ब्लिट्झ यांनी ओढीचं कोडं सोडवणारी मांडणी केली. मेघ आकाशगंगेभोवतीच्या कृष्णद्रव्यात लाटा उठवतात आणि त्या लाटा तबकडीला वाकवतात. २००८ मध्ये तर मेघांच्या पुढे धावणाऱ्या वायूचा एक ढग थेट आपल्या तबकडीत घुसताना आढळला.

मला मात्र त्याआधीचं, २००५ चं काम अधिक मोलाचं वाटतं. घडी इतरत्रही विस्कटते; अनेक दीर्घिका एका अंगाला कलंडलेल्या असतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चंदा जोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा सगळा कल शेजाऱ्यांच्या ओढाताणीतून येत नाही. एकाच बाजूनं सतत येऊन पडणारा वायूही तबकडीचा तोल घालवतो. त्याआधी आम्ही मुख्यतः या ओढाताणीकडेच पाहत होतो, येणाऱ्या वायूकडे नाही.

हा वायू दीर्घिकेचा शिधाही आहे. पारनेरच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिनं २०२० मध्ये आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. बाहेरून भर पडली नाही, तर तो एक-दोन अब्ज वर्षांतच ताऱ्यांत संपेल इतकाच होता.

त्याच वर्षी ओंकार बैत, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी त्याच दुर्बिणीतून २६ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेभोवती वायूचं प्रचंड कडं शोधलं. व्यास ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षं, केंद्रापासून एका बाजूला सरकलेलं, आणि त्यात तारे जवळजवळ नाहीत. ते कुणी तिथवर ओढून नेलं, हे अजून ठरलेलं नाही.