मिनिटांचा हिशेब – भाग 6 : तुकड्यांतला वेळ

संध्याकाळची विरार फास्ट चर्चगेटहून सुटते तेव्हा महिलांच्या डब्यातली पहिली काही मिनिटे जागेच्या वाटाघाटीत जातात. 'कुठे उतरणार?' विचारून होते, चौथ्या सीटवर कुणीतरी अर्धे टेकते, आणि मग पिशव्या उघडतात. एकीच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरते, त्यावर मेथीची जुडी सुटते. पाने डब्यात, देठ आणि माती कागदावर. शेजारची गवार मोडते आहे, शिरा ओढून काढते आहे. समोरचीच्या ओंजळीत लसणाच्या कुड्या. बोरिवली येते तोवर कागदाची पुरचुंडी झालेली असते, डब्याला झाकण लागलेले असते आणि उद्याच्या डब्याची भाजी नुसती फोडणीला टाकायची बाकी असते.

मुंबईबाहेरून आलेल्यांना याची गंमत वाटते. पण जरा लक्ष देऊन पाहिले तर कळते, की गाडीत वाट्टेल ते काम चालत नाही. मेथी निवडणे, गवार मोडणे, मटार सोलणे ही सगळी स्टेशन आले की अर्ध्यावर टाकता येणारी कामे. गाडीने गचका दिला तरी बिघडत नाहीत, नजर दाराकडे गेली तरी हात चालू राहतो. गाडीत कणीक कुणी मळत नाही, नारळ कुणी खवत नाही. कुठल्या वेळात कुठले काम बसते, याचा निवाडा या बायकांनी कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या मदतीशिवाय करून टाकला आहे.

मागच्या भागात सलग वेळेचा विचार झाला. आता उरलेल्या चुऱ्याचा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ, दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचा वेळ, बसची वाट, मीटिंगला साहेब यायच्या आधीची सात-आठ मिनिटे. 'प्रत्येक क्षण सत्कारणी लावा' असे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असते. तो लावायचा कसा, हे मात्र कोणतीच भिंत सांगत नाही.

ते ज्याला नेमके जमले होते असा एक इंग्रज कादंबरीकार होता, अँथनी ट्रोलप. तो टपाल खात्यात अधिकारी होता आणि खात्याच्या कामासाठी त्याला सतत रेल्वेने हिंडावे लागे. प्रवासाचे तास वाया जातात म्हणून त्याने मांडीवर ठेवता येईल अशी लिहायची छोटी फळी करून घेतली. हलत्या डब्यात दौत कुठली सांभाळणार, म्हणून पेन्सिल. लिहिलेले मागाहून त्याची पत्नी स्वच्छ उतरवून काढी. 1857 साली आलेल्या 'बार्चेस्टर टॉवर्स' या त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा बराचसा भाग असा आगगाडीत लिहिला गेला.

पुढे त्याने पहाटेचे तीन तास लिखाणासाठी बांधून घेतले. साडेपाचला टेबलाशी बसायचे, आणि त्याआधी कॉफी घेऊन उठवायला येण्याबद्दल गड्याला वर्षाला 5 पौंड जादा. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. किती पाने झाली याची रोजची नोंद डायरीत. या शिस्तीवर त्याने नोकरी सांभाळून कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. 1867 मध्ये नोकरी सोडली, आणि 1882 मध्ये मृत्यू आला तोवर एकूण आकडा 47 वर पोचला होता. हे सगळे त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये छापले गेले, तेव्हा काही रसिकांनी नाके मुरडली. कलावंताने प्रेरणेची वाट पाहावी, घड्याळाची नव्हे, असा तो जमाना होता.

ट्रोलपच्या उरकाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेतून सुटते. पहाटेच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो नवे काही लिहीतच नसे. आदल्या दिवशीचे लिखाण वाचून काढी. काल कुठे सोडले होते ते पुन्हा हाताला लागले, की मग घड्याळाशी शर्यत. साधन हाताशी, माप ठरलेले आणि मागचा धागा सापडलेला, या तीन गोष्टी जुळल्यावरच त्याची पंधरा मिनिटे कामाची होत.

योगायोग असा, की दुसरा धडाही ब्रिटिश टपाल खात्यातूनच मिळतो. पिनकोडसारखे पोस्टकोड तिथे आले तेव्हा टपाल कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवणे भाग पडले. मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी या शिकाऊ कर्मचाऱ्यांचे चार गट केले. एका गटाला रोज एकच तास सराव, दुसऱ्याला रोज दोन वेळा एकेक तास, तिसऱ्याला रोज एकदाच पण सलग दोन तास, आणि चौथ्याला रोज दोन वेळा दोन-दोन तास. 1978 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एकच तास बसणाऱ्यांना कळफलक शिकायला सुमारे 35 तास लागले. रोज चार तास घासणाऱ्यांना तेवढ्याच गोष्टीसाठी सुमारे 50. म्हणजे थोडे थोडे शिकणाऱ्यांचे पंधरा तास वाचले.

गंमत पुढेच आहे. आपल्या शिकवणीवर सगळ्यांत नाराज होता तो हाच रोज एक तासवाला गट. तासांच्या हिशेबात ते पुढे होते, पण कॅलेंडरच्या हिशेबात चार तासवाले त्यांच्या कितीतरी दिवस आधी मोकळे झाले होते. तुकड्यातुकड्याने केलेले काम होत असते तेव्हा झाल्यासारखे वाटत नाही, ही त्यातली खरी अडचण.

सराव विखुरला की पक्का होतो, हे जर्मनीच्या हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते. अर्थहीन अक्षरगट पाठ करण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते. मराठी घरांत ही रीत परवचाच्या रूपाने पिढ्यानपिढ्या चालत आली. तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी आणि श्लोक. दहा-पंधरा मिनिटांचा मामला, पण रोजचा. रविवारी एका बैठकीत तीन तास पाढे घोकून घेण्याची कल्पना कुठल्या आजीला सुचली नाही. नवी भाषा, पाठांतर, गळ्यावर बसवायची एखादी बंदिश, टायपिंग ही सगळी या जातीची कामे. दहा मिनिटांच्या तुकड्यात ती नुसती मावत नाहीत, तिथेच ती अधिक चांगली होतात.

सगळीच कामे अशी नसतात. गीतेवर सविस्तर लिहायचे लोकमान्य टिळकांच्या मनात वर्षानुवर्षे होते. पण 'केसरी'चे संपादन, सभा, खटले, काँग्रेसचे राजकारण या धबडग्यात अग्रलेख निघत, ग्रंथ निघत नव्हता. 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात रवानगी झाली, आणि 1910-11च्या हिवाळ्यात काही महिन्यांत 'गीतारहस्या'चा कच्चा मसुदा पेन्सिलीने लिहून झाला. 1914 मध्ये सुटका झाल्यावर 1915 मध्ये ग्रंथ बाहेर आला. वाचन आणि चिंतन फावल्या वेळात साठत गेले असेल, पण त्याची मांडणी करायला लागली ती सक्तीने का होईना, मिळालेली सलग सवड. एका प्रकरणाचा दुसऱ्याशी सांधा जुळवायचा तर दोन्ही एकाच वेळी डोक्यात उभी असावी लागतात. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ते होत नाही.

का होत नाही, याचा एक खुलासा अमेरिकेतल्या संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये मांडला. माणूस एका कामावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा त्याचे सगळे लक्ष त्याच्याबरोबर जात नाही. पहिले काम अर्धवट राहिले असेल तर लक्षाचा काही भाग तिथेच घुटमळत राहतो आणि दुसरे काम त्या मानाने कच्चे होते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून प्रत्येकात वेगळे काम कोंबणाऱ्याला संध्याकाळी दमल्यासारखे वाटते आणि हाती मात्र काही लागलेले नसते, ते यामुळे.

लेरॉय यांनी पुढे एका सहकारी संशोधकाबरोबर यावर तोडगाही तपासला. तो फार सोपा आहे. मध्येच उठावे लागले तर उठण्यापूर्वी मिनिटभर थांबून लिहायचे, की काम कुठवर आले आहे आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची. असे लिहून उठलेल्यांचे लक्ष पुढच्या कामात अधिक चांगले लागले. चिठ्ठी कशी लिहायची यात मात्र फरक आहे. 'सोसायटीचा अहवाल पूर्ण करणे' ही चिठ्ठी निरुपयोगी. 'अहवाल, पान 4. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च टाकला. आता पाण्याच्या टाकीचे बिल निळ्या फायलीतून काढायचे' ही कामाची. पहिली वाचली की पुन्हा विचार करत बसावे लागते. दुसरी वाचली की हात थेट निळ्या फायलीकडे जातो, आणि मिळालेल्या दहा मिनिटांतली दहाही वापरता येतात.

एका वेळी दोन कामे करण्याचा मार्गही लोक सुचवतात. त्यातही पारख हवी. महाराष्ट्रातल्या बायकांनी पहाटे जात्यावर बसून दळताना ओव्या रचल्या आणि गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980च्या दशकापासून गावोगाव हिंडून, स्थानिक कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, बाबासाहेब, सगळे त्यांत आहे. दळणे हे हातांना पुरते सवयीचे झालेले काम, त्याला एक ठेका, आणि डोके मोकळे. म्हणून एवढे काव्य त्यात मावले. गाडी चालवताना फोनवर बोलणे वरवर तसेच दिसते, पण तसे नसते. हात मोकळे ठेवणारे यंत्र कानाला लावले तरी रस्ता आणि संभाषण दोन्ही एकाच डोक्याकडे लक्ष मागतात. चालकाच्या लक्षावर फोनचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगांत हात मोकळे असल्याचा फारसा फायदा दिसलेला नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती माळ्यावर गेली. पहाटेचे ते कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण वाचलेला वेळ कुणाच्या खात्यावर जमा झाला? केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात असे दिसले. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात कमी, आणि जे लावतात त्यांची सरासरी 97 मिनिटे. विरार फास्टमधल्या मेथीच्या जुडीकडे हे दोन आकडे समोर ठेवून पाहायला हवे. तिथे दिसते ते कौशल्य खरेच आहे, पण ती हौस नव्हे. घरी पोचल्यावर दुसरी पाळी सुरू होणार म्हणून पहिल्या पाळीच्या शेवटाला जोडलेली ती जादा वेळ आहे. वेळेचे नियोजन शिकवणारी पुस्तके प्रत्येकाला एकट्याने जगणारा माणूस समजून लिहिलेली असतात. घरातली मिनिटे वाचवायची तर मेथीची दुसरी जुडी कुणी निवडायची, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

आता एक उलटा मुद्दा. प्रत्येक मोकळा क्षण भरलाच पाहिजे का?

2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. माणसांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे बसवले. फोन नाही, पुस्तक नाही. सोबतीला फक्त एक बटण, जे दाबले की विजेचा सौम्य झटका बसतो. हा झटका टाळायला पदरचे पैसे मोजू, असे याच लोकांनी आधी सांगितले होते. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी निदान एकदा तरी ते बटण दाबले. स्वतःच्या विचारांपेक्षा झटका पत्करला! लिफ्टमध्ये चार मजल्यांपुरतेही खिशातून फोन काढणाऱ्यांना हे वाचून नवल वाटू नये.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी सांगितलेली हकिगत मात्र रिकाम्या क्षणाची बाजू घेणारी आहे. फलनांच्या एका नव्या प्रकारावर ते पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून झटत होते. पुढे ते भूशास्त्राच्या एका सहलीला गेले, आणि प्रवासाच्या गडबडीत गणित बाजूला पडले. कूतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताच, ध्यानीमनी नसताना, त्या फलनांचा भूमितीच्या एका वेगळ्याच शाखेशी असलेला संबंध त्यांच्या लक्षात आला. बसमध्ये बसून ते अर्धे राहिलेले बोलणे पुढे बोलू लागले आणि पडताळा घरी परतल्यावर सवडीने केला. आधीचे पंधरा दिवस नसते तर त्या पायरीवर काहीच घडले नसते. आणि पायरी चढताना हातात वाचायला काही असते, तर कदाचित तेव्हाही नसते.

तेव्हा दिवसातल्या फुटकळ वेळेची वाटणी तीन प्रकारे करून पाहता येईल. पाठांतर-सरावाची आणि कुठेही थांबवता येणारी कामे आधीच सुटी करून पिशवीत ठेवावी, ट्रोलपने फळी आणि पेन्सिल ठेवली तशी. सलग सवड मागणारे काम तुकड्यांत घुसवू नये, त्याची फक्त पुढची पायरी चिठ्ठीवर लिहून ठेवावी. आणि डोक्यात एखादा प्रश्न मुरत असेल, तर चार-दोन क्षण खुशाल रिकामे सोडावे.

पुढच्या भागात रांग: बँकेतली, देवळातली आणि टोलनाक्यावरची. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने 1909 मध्ये फोन कॉल किती आणि केव्हा येतात याचे गणित मांडले. त्यातून रांगांचे शास्त्र कसे उभे राहिले ते पाहू, आणि शेजारचीच रांग नेहमी भराभर का सरकते, याचाही सोक्षमोक्ष लावू.