रॉकेलच्या ज्योतीतला हिरवा

नोएडा वसलं १९७६ साली, तेही रस्त्यांच्या भरवशावर. लांब पल्ल्याची गाडी पकडायची तर जिल्ह्यातल्या दादरीला, नाहीतर गाझियाबादला किंवा दिल्लीला जावं लागतं. मात्र जुन्या रेल्वेचं सर्वांत मोठं घर इथून यमुनेपलीकडेच आहे. दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी उघडलं, म्हणजे नोएडाच्याच वयाचं. तिथे गर्दी होते ती पतियाळा संस्थानच्या १९०७ च्या मोनोरेलभोवती. मराठी माणूस मुंबईच्या जीआयपी रेल्वेच्या ‘सर लेस्ली विल्सन’ या विजेच्या इंजिनापाशी रेंगाळतो. एवढी अवजड इंजिनं सुखरूप धावली ती सिग्नलच्या आणि फाटकाच्या दिव्यांच्या जिवावर. त्या दिव्यांपुढे मात्र फारसं कोणी थांबत नाही.

खांबावरच्या हाताचा सिग्नल, म्हणजे सेमाफोर, दिवसा हाताच्या स्थितीवरून समजे. आडवा असला तर थांबा, खाली झुकला तर निघा. रात्री हात दिसायचा नाही. म्हणून त्याच्या मुळाशी दोन रंगीत काचांची चौकट असे आणि मागे रॉकेलचा दिवा. हात हलला की दिव्यासमोरची काच बदले. दिव्याच्या पाठीलाही एक बारीक काच असायची. तिच्यातून मागे दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यावरून केबिनमधल्या माणसाला कळे की आपला दिवा जळतो आहे. ही एवढीशी सोय मला साऱ्या रचनेत सर्वांत शहाणपणाची वाटते. रात्रीच्या पावसात वात विझली तर गाडी धोक्यात, हे ओळखूनच ती केलेली होती. टाकी भरायला, वात कापायला आणि काच पुसायला लॅम्पमन शिडीवरून वर चढत असे.

फाटकाचा दिवा याच कुळातला. जुनी फाटकं दारासारखी फिरत. रस्ता अडवला गेला की तांबडी तबकडी आणि तिच्याजवळचा तांबडा दिवा रस्त्याकडे तोंड करून उभा राही. गेटमनच्या हातात तांबडा, हिरवा आणि पांढरा प्रकाश दाखवणारी हातबत्ती असे. दिल्लीकडच्या दाट धुक्यात तर दिवाही पुरत नसे. मग रुळावर डिटोनेटर ठेवत. चाकाखाली तो फुटला की आवाजानेच ड्रायव्हर सावध होई.

विजेचे रंगीत सिग्नल आले आणि हे दिवे मोडीत निघाले. मुंबईत व्हीटी ते भायखळा दरम्यान असे विजेचे सिग्नल १९२८ मध्येच आले होते. मोडीत गेलेले काही दिवे आता घराघरांतल्या दिवाणखान्यांत पोचले आहेत. त्यांची डागडुजी करताना जे होतं, त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

आपण पितळ घासून लखलखीत करतो, पत्रा नव्याने रंगवतो, तळाला भोक पाडून वायर घालतो आणि आत पांढरा एलईडी बसवतो. बत्ती लागते आणि हिरवा प्रकाश निळा पडतो. दोष काचेचा नसतो. रॉकेलची ज्योत पिवळी. तिच्यापुढे हिरवा उमटावा म्हणून काचच मुद्दाम निळसर घडवलेली असे. पांढऱ्या उजेडात ती आपला मूळ निळेपणा दाखवते. मग लोक ‘काच चुकीची आहे’ म्हणून ती काढून नवी गडद हिरवी बसवतात आणि दिव्यातली सर्वांत अस्सल गोष्ट फेकून देतात. वीज वापरायचीच असेल तर ज्योतीच्या रंगाचा पिवळा बल्ब घ्यावा. काजळी साबणाच्या कोमट पाण्याने निघते, भिंगाला घासणी लावू नये. पत्र्यावर ‘जीआयपीआर’ किंवा ‘ईआयआर’ अशी जुन्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं ठोकलेली असतील, तर त्यांवरून पॉलिश मुळीच फिरवू नये. बाजारात नव्या घडणीचे पितळी ‘रेल्वे कंदील’ सर्रास मिळतात. शोभेला ते चांगले असतील, पण ती अक्षरं आणि झिजलेला पत्रा यांची सर त्यांना नाही.

दिव्याला रेल्वेही विसरलेली नाही. तिने २००२ साली, दीडशे वर्षांच्या निमित्ताने, ‘भोलू’ हा हत्ती बोधचिन्ह म्हणून निवडला. त्याच्याही हातात हिरवा दिवा आहे. रॉकेलच्या दिव्याची निगा राखलेली माणसं मात्र आता थकली आहेत.

तुमच्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेलं कोणी असेल आणि माळ्यावर असा दिवा पडला असेल, तर तो घासायला घेण्याआधी त्यांना विचारा: कोणतं स्टेशन, कोणतं फाटक, कोणती वर्षं? उत्तर कागदावर लिहून दिव्यासोबत ठेवा. आणि चाणक्यपुरीला जाणार असाल तर सोमवार टाळा. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.