वाढत्या अंगाची सॅक

मुलांसाठी काही घ्यावयाचे झाले की आपल्याकडे दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : "वाढत्या अंगाचे द्या." शाळेचा गणवेश, चपला, रेनकोट सारे काही आपण एक माप मोठे घेतो. यात काटकसर आहे आणि मूल वाढणार हा विश्वासही आहे. पण एक वस्तू अशी आहे की जी वाढत्या अंगाची घेतली असता मुलाला अपाय होतो. ती म्हणजे पाठीवरची सॅक. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दप्तराच्या ओझ्यावर शाळाशाळांतून व्याख्याने देणाऱ्या माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला हा धडा स्वतःच्या मुलीकडून मिळाला.

कोगनोळीहून निघून दूधगंगा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो आणि तासा-दीड तासात माणूस पन्हाळ्याच्या पायथ्याशी पोहोचतो. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी ज्या वाटेवर देह ठेवला, त्या वाटेवर आज दर पावसाळ्यात हजारो मुले-माणसे चालतात. मसाई पठार, करपेवाडी, पांढरेपाणी, पावनखिंड अशी ही दोन दिवसांची वाट आहे. आपल्या भागातील बहुतेक मुलांची पहिली मुक्कामाची पदयात्रा हीच असते.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी चौदा वर्षांची असताना आम्ही दोघे या वाटेला निघालो. "पुढे हिमालयातही उपयोगी पडेल" या हिशेबाने मी तिच्यासाठी सत्तर लिटरची उत्तम सॅक घेतली होती. रिकामी सॅकच अडीच किलोच्या घरात होती. जागा मोठी म्हणून सामानही वाढले. घरी काट्यावर ठेवली तेव्हा साडेअकरा किलो भरली. मुलीचे वजन बेचाळीस किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहूनही अधिक ओझे तिच्या पाठीवर होते. हा भागाकार मी इतर पालकांना नेहमी करून दाखवीत असे. त्या दिवशी मात्र मला तो सुचला नाही.

पहिला दिवस पावसात आणि चिखलात गेला. ती कुरकुरली नाही. मुक्कामाच्या गावी दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणी घालावयास बसली आणि म्हणाली, "बाबा, उजवा हात वरच येईना झालाय." दुखत काहीच नव्हते. खांद्याच्या बाहेरच्या बाजूस मात्र बधिरपणा होता आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंतही उचलला जात नव्हता. तपासताना माझ्याच हाताला घाम फुटला. पावनखिंड तशीच राहिली. मिळाली त्या जीपने आम्ही परतलो. हात पूर्ववत होण्यास सात आठवडे लागले.

खांदा ओझ्यासाठी नाही

वैद्यकशास्त्रात याला रकसॅक पाल्सी म्हणतात. मानेतून निघून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधून खाली उतरते. सॅकचा पट्टा नेमका त्यावर दाब देतो आणि खांदा खाली ओढला गेल्याने तंतू ताणलेही जातात. वरच्या भागातील तंतू सर्वाधिक सापडतात. त्यामुळे दंड बाजूला उचलणे आणि कोपर वाकवणे अवघड होते. काही वेळा खांद्याचा पंखा पाठीवर बाहेर येतो. सैनिकांत आणि गिर्यारोहकांत हा विकार पूर्वीपासून ज्ञात आहे. सुदैवाने ओझे थांबविले की बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. घात होतो तो लक्षण ओळखले न जाण्यामुळे. वेदना नसते, त्यामुळे मुले बोलत नाहीत आणि आपणही "हात अवघडला असेल" म्हणून सोडून देतो.

याचे मूळ आपल्या शरीराच्या बांधणीत आहे. अख्खा हात हा धडाच्या सांगाड्याला एकाच ठिकाणी सांध्याने जोडलेला आहे. गळपट्टीचे हाड छातीच्या हाडाला मिळते तेथे. बाकी सारा खांदा स्नायूंनी तोलून धरलेला असतो. म्हणून खांद्यावर ठेवलेले ओझे अखेर स्नायूंवरच लोंबकळते. कमरेचे तसे नाही. पाठीचा कणा, त्याखालची त्रिकास्थी, दोन्ही बाजूंची कटिअस्थी आणि मांडीचे हाड ही एक सलग कमान आहे आणि ती वजन जमिनीपर्यंत पोहोचविण्यासाठीच घडलेली आहे. चांगल्या सॅकचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगावयाचे तर ओझे खांद्यावरून काढून कमरेवर ठेवणे, एवढेच आहे.

आपल्या बायाबापड्यांना हे निराळ्या रीतीने ठाऊक होतेच. डोक्यावर घागर किंवा फाट्याची मोळी घ्यावयाची तर आधी चुंबळ हवी. चुंबळ वजन कमी करीत नाही. ते योग्य जागी बसविते. सॅकचा कमरपट्टा ही कमरेची चुंबळ होय. निपाणीच्या बाजारात तंबाखूचे बोद वाहणारा हमालही पुढे वाकून ओझे पाठीच्या रुंद भागावर घेतो, नुसत्या खांद्यावर लटकवीत नाही.

नेपाळचे भारवाहक कपाळावरच्या नाम्लो नावाच्या पट्ट्याने बांबूची डोको पाठीवर वाहतात. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांच्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष भारवाहकांच्या पाठीवरचे सरासरी ओझे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होते आणि तरीही त्यांची शक्ती आपल्या तुलनेत कमी खर्च होत होती. पण ते अगदी सावकाश चालतात, पावलोपावली थांबतात आणि त्यांची मान लहानपणापासून तयार झालेली असते. वर्षातून एकदा डोंगर चढणाऱ्याने त्यांची बरोबरी करू नये.

पाश्चात्त्य देशांतही कमरपट्टा उशिरानेच आला. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी १९०९ मध्ये पाठीच्या आकाराची चौकट असलेल्या सॅकचे पेटंट घेतले. कॅलिफोर्नियात सुतारकाम करणारे डिक केल्टी यांनी १९५२ पासून ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनविण्यास आरंभ केला. चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोवली असता खांदे हलके होतात, हे एका सफरीत ध्यानात आले आणि त्यातून कमरपट्ट्याची कल्पना पुढे आली असे सांगतात. १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी चौकट सॅकच्या आत घातली. आज दुकानात मिळणारी मोठी सॅक या तिघांची वारस आहे.

उंची नव्हे, पाठीची लांबी

सॅक निवडताना पहिली चूक होते ती येथे. आपण माणसाची उंची पाहतो. पाहावयाची असते धडाची लांबी. एकाच उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब तर दुसऱ्याची पाठ लांब असू शकते.

माप घरीच घेता येते. मुलाला मान पुढे झुकवावयास सांगा. मानेच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तो सातवा मानेचा मणका. तेथे टेपचे टोक ठेवा. आता मुलाने दोन्ही हात कमरेच्या हाडावर, अंगठे पाठीमागे करून ठेवावेत. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा जेथे कण्याला छेदते तेथपर्यंतचे अंतर म्हणजे धडाची लांबी. सॅकच्या पाठीचे माप याच्याशी जुळले पाहिजे. माझ्या मुलीचे माप ३९ सेंटिमीटर होते आणि सॅक होती ४९ ची. परिणामी कमरपट्टा हाडावर न बसता नितंबांवर घसरला आणि सारे वजन दोन खांद्यांवर आले. पट्टा होता, पण केवळ शोभेला.

वाढत्या मुलासाठी पाठीचे माप कमी-अधिक करता येणाऱ्या सॅकही मिळतात. वाढत्या अंगाचा विचार करावयाचाच असेल तर तो असा करावा. मात्र ती सर्वांत लहान मापावर आज नीट बसते ना, हे पाहूनच घ्यावी.

किती लिटरची?

सॅकची क्षमता लिटरमध्ये मोजतात. एका दिवसाच्या फेरीला २० ते ३० लिटर पुरते. पन्हाळा-पावनखिंडीसारख्या दोन-तीन दिवसांच्या वाटेला ४० ते ५० लिटर पुष्कळ झाली. सर पाससारख्या हिमालयातील मोहिमेत तंबू आणि जेवण आयोजकांकडे असते. तेथे ५० ते ६० लिटर पुरे. त्याहून मोठी सॅक ज्याला तंबू, चूल, शिधा सारे स्वतः वाहावयाचे आहे, त्याच्यासाठी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे, पण विंचू रिकामी जागा दिसली म्हणून सामान वाढवीत नाही. माणूस वाढवितो. म्हणून प्रथम सामान जमवावे, ते जमिनीवर मांडून अर्धे कमी करावे आणि मग उरलेल्यास पुरेल अशी सॅक घ्यावी.

वजनाचा आडाखा असा : सशक्त प्रौढाने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये. शाळेच्या दप्तराबाबत केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. दप्तर तासभर वाहावयाचे आणि सॅक दिवसभर, तीही चढउतारावर. म्हणून मुलांना दहा टक्के हेच प्रमाण धरावे आणि थोरल्या, सरावलेल्या मुलांनाही पंधराच्या पुढे जाऊ देऊ नये. बेचाळीस किलोच्या मुलीसाठी हे ४.२ ते ६.३ किलो होते. यात रिकाम्या सॅकचे आणि पाण्याचेही वजन धरावयाचे. पाणी लिटरला किलो असते, हे विसरू नये.

दुकानात आणि घरी

रिकामी सॅक कोणालाही छान बसते. दुकानदाराकडून आत सात-आठ किलो वजन घालून घ्यावे, मुलासाठी चार-पाच. मग सारे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्यावी आणि पुढील क्रमाने आवळावी.

आधी कमरपट्टा. तो कमरेच्या हाडाच्या कडेवर मधोमध बसला पाहिजे. पोटावर नको, नितंबावरही नको. फार करकचून आवळल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, कारण तेथील संवेदनेचा तंतू दाबला जातो. नंतर खांद्याचे पट्टे, अंगाला लागतील इतपत. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे. ते ओढले की सॅक पाठीला बिलगते आणि मागे झुकत नाही. शेवटी छातीचा पट्टा, श्वास मोकळा राहील असा. सारे जुळले की खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकतात आणि वजनाचा मोठा वाटा कमरेवर जाणवतो. असे पंधरा मिनिटे चालावे, जिना चढावा-उतरावा. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही.

सामान भरण्याचाही क्रम आहे. झोपण्याची पिशवी आणि रात्रीचे कपडे तळाशी. जड वस्तू, म्हणजे शिधा, पाणी, भांडी, पाठीला चिकटून मध्यभागी. हलके कपडे त्यांच्या भोवती आणि बाहेरच्या बाजूस. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की ती आपल्याला मागे ओढते. तोल सावरण्यासाठी आपण पुढे वाकतो आणि संध्याकाळी कंबर बोलू लागते. विजेरी, औषधे, खाऊ वरच्या खिशात असावा.

आपल्याकडील पावसात सॅकवरचे आवरण पुरत नाही; पाठीकडून पाणी शिरतेच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरावे व तोंड पिळून बांधावे. कोरडे कपडे ही मुक्कामाच्या गावी चैन नसते. दिवसभर भिजलेल्या मुलाला थंडी भरू नये यासाठी ती गरज असते. वाहता ओढा ओलांडताना कमरेची आणि छातीची बक्कले सोडून ठेवावीत, म्हणजे पाय घसरल्यास सॅक झटकून टाकता येते. ओढा फुगला असेल तर मात्र थांबणे हाच उपाय.

वाटेत दर तासाने सॅक उतरवावी आणि मुलांना दोन्ही हात डोक्यावर नेण्यास सांगावे. बधिरपणा, मुंग्या किंवा हात जड वाटणे यांपैकी काहीही आढळले तर सॅक त्या मुलाच्या पाठीवर पुन्हा चढवू नये. सामान इतरांत वाटून घ्यावे.

जुलै जवळ आला की आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात मोहिमेला जाणाऱ्या मुलांची रीघ लागते. हवे असते ते तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. आपण छाती तपासतो, रक्तदाब पाहतो आणि सही करतो. गेली काही वर्षे मी एक अट घातली आहे : भरलेली सॅक घेऊन या. मुलाला काट्यावर एकदा सॅकसह आणि एकदा सॅकविना उभे करतो, पाठीवर टेप लावतो. पाच मिनिटे लागतात. पुष्कळदा दवाखान्यातच सामान बाहेर निघते आणि आई दोन डबे परत घरी नेते.

माझी मुलगी पुढे पावनखिंडीपर्यंत चालून आली. तिच्या पाठीवर चाळीस लिटरची, तिच्या मापाची सॅक होती. निघण्यापूर्वी तिने माझी सॅक काट्यावर ठेवली आणि न बोलता त्यातून दोन किलो सामान काढून ठेवले. मीही काही बोललो नाही.