गोल करवतीचा सुरक्षित वापर व देखभाल : वर्धा जिल्ह्यातील लघु सुतारकाम कार्यशाळांच्या संदर्भात

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासात हस्तोद्योगाला शिक्षणाइतकेच मानाचे स्थान लाभले आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा जो आराखडा मांडला, त्यात कताई-विणकाम व शेतीबरोबर सुतारकामाचाही समावेश होता. त्या काळचे सुतारकाम प्रामुख्याने हातकरवतीवर चालत असे. आज सागवानाची दारे-खिडक्या असोत वा प्लायवूडचे फर्निचर, कापणीचे काम बहुतांशी विजेवर चालणारी गोल करवत करते. हात थांबला की हातकरवत थांबते. गोल करवतीचे तसे नाही. म्हणूनच या यंत्राचे कार्य, धोके आणि देखभाल यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची मर्यादा :
कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये राज्यांनी केलेल्या नियमांत गोल करवतीसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. पात्यामागे त्याच रेषेत एक भक्कम पोलादी पट्टी असावी, पात्याच्या वरील भागावर आवरण असावे आणि लाकूड पुढे ढकलण्यासाठी काठी उपलब्ध असावी, अशा त्या तरतुदी होत्या. मात्र मूळ अधिनियमानुसार विजेचा वापर करणारी, १० किंवा अधिक कामगारांची जागाच ‘कारखाना’ ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ही संख्या २० आहे. मालक आणि दोन-तीन कारागीर अशी रचना असलेली कार्यशाळा या व्याख्येत सामान्यतः बसत नाही. तिच्यातील सुरक्षिततेची जबाबदारी प्रत्यक्षात कारागिरावरच येते.

धोक्याचे स्वरूप :
१८५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ५,५०० फेरे घेत असल्यास त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. हात मागे घेण्यास अवधीच उरत नाही. दुसरा धोका लाकूड उसळण्याचा. टेबलावरील करवतीचे पुढचे दात लाकडाला खाली दाबतात, तर मागचे दात वर येत असतात. कापलेली फट मिटून लाकूड पात्यावर आवळले गेले, की मागचे दात ते उचलून कारागिराच्या दिशेने फेकतात. पात्यामागील पट्टी ही फट मिटू देत नाही. ती काढून टाकणे म्हणजे अपघाताचा मार्ग मोकळा करणे होय. हातातील यंत्राचे पाते अडकले, तर यंत्रच मागे उसळते.

फरशी कापण्याच्या चार इंची यंत्राला लाकडाचे पाते लावून प्लायवूड कापण्याची पद्धत सर्रास आढळते. हे यंत्र मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते आणि लाकडाच्या यंत्राप्रमाणे आपोआप मिटणारे खालचे आवरण त्याला नसते. लाकडासाठी लाकडाचेच यंत्र वापरणे हा यावरील खरा उपाय आहे. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिक असणे आवश्यक आहे.

वापरताना घ्यावयाची काळजी :
१. हातातील यंत्राचे पाते लाकडाच्या जाडीपेक्षा ३ ते ६ मिलिमीटरच खाली येईल, इतकी खोली ठेवावी.
२. खालचे आवरण पाचर मारून किंवा तारेने बांधून उघडे ठेवू नये.
३. पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावे आणि पूर्ण थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नये.
४. टेबलावरील करवतीसमोर पात्याच्या रेषेत उभे राहू नये. अरुंद तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलावा.
५. उन्हाळ्यात गळ्याभोवती गुंडाळलेला दुपट्टा, सैल बाह्या व हातमोजे फिरत्या पात्यात अडकू शकतात. काम सुरू करण्यापूर्वी ते काढून ठेवावेत. डोळ्यांवर चष्मा मात्र असावा.
६. वीज गेल्यास बटण लगेच बंद करावे, अन्यथा वीज परत येताच करवत अनपेक्षितपणे सुरू होते.
७. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले आहे. त्यामुळे भुसा रोखणारा मास्क वापरावा.

देखभाल :
हातकरवतीला कानशीने धार लावणे आणि तिचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवणे, हे पारंपरिक सुताराचे नित्याचे काम होते. हे ज्ञान गोल करवतीबाबतही तितकेच उपयोगी आहे. बोथट पाते कापत नाही, घासते. लाकूड तापते, जळका वास येतो आणि कारागीर अधिक जोर लावतो. जोर लावताना तोल सुटला, की हात पात्यावर जातो. सागवानात सिलिकेचा अंश असल्याने धार लवकर जाते. म्हणून कार्बाइडचे दात असलेले पाते सोयीचे ठरते. जुन्या घरांच्या पाडकामातील लाकूड कापण्यापूर्वी त्यातील खिळे शोधून काढावेत, कारण खिळ्यावर आपटलेला दात तुटून उडू शकतो. तडा गेलेले किंवा दात तुटलेले पाते वापरू नये. पाते बदलताना, साफ करताना वा तपासताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नसून प्लग काढणे अत्यावश्यक आहे. आवरणाच्या स्प्रिंगमध्ये साचलेला भुसा रोज झटकावा. सोललेली वायर चिकटपट्टीने गुंडाळून न वापरता बदलावी. कार्यशाळेच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण बसवावे.

अपघात घडल्यास :
जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, हात उंच धरावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. ते रुग्णासोबतच रुग्णालयात न्यावे.

निष्कर्ष :
गोल करवतीच्या बाबतीत देखभाल आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. धारदार पाते, जागेवर असलेले आवरण आणि पात्यामागील पट्टी या तिन्हींचा खर्च अल्प आहे. गमावलेल्या बोटाची भरपाई मात्र कोणत्याही कायद्याने पूर्णतः होऊ शकत नाही. हाताला शिक्षणाचे साधन मानणारा विचार ज्या जिल्ह्यातून देशभर गेला, तेथील कार्यशाळांत नवशिक्याला लाकूड कापण्याआधी करवत थांबविण्यास, तपासण्यास व झाकण्यास शिकविले जाणे अगत्याचे आहे.