मंगळवारी बघायचं घर

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बदलापूर स्टेशनबाहेर बिल्डरांच्या गाड्या उभ्या असतात. नवरा-बायको, एखादं मूल, कधी सोबत आजी, अशी कुटुंबं त्यात बसतात आणि मोकळ्या रस्त्यानं पाच-सात मिनिटांत साइटवर पोहोचतात. तिथं सरबत मिळतं, सॅम्पल फ्लॅट बघायला मिळतो. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड करून घेतात, म्हणजे खोली मोठी वाटते, असं मला एका सुतारानं सांगितलं होतं. तेव्हापासून मी अशा ठिकाणी आधी पलंग बघतो. बाकीचे बाल्कनीतून डोंगर बघतात आणि टोकन देऊन येतात.

मी बदलापुरात सतरा वर्षं राहतोय. ओळखीतलं कुणी इकडं घर बघायला निघालं की माझं एकच सांगणं असतं, रविवारी येऊ नका. मंगळवारी या, सकाळी साडेसहाला स्टेशनवर भेटू.

माझा मावसभाऊ गेल्या वर्षी असाच आला. भांडुपला भाड्याच्या घरात राहायचा. नोकरी फोर्टात, बायकोची ठाण्यात, मुलगी पहिलीत जायची होती, आणि मावशीचे गुडघे गेलेले. त्यानं फ्लॅट जवळपास पक्का केला होता. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं जाहिरातीत होतं आणि रविवारी त्याला खरोखरच पाच मिनिटं लागली होती. मंगळवारी शेअर रिक्षाची रांग, मग पुलाखालची कोंडी, असं करत बावीस मिनिटं गेली. मी मोबाइलवर मोजली. त्यानं नंतर मोजू नकोस म्हणून सांगितलं.

मुंबई सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. फास्ट गाडीला सरळ दीड तास धरा, त्यात दोन्ही टोकांची चाल आणि रिक्षा मिळवा, म्हणजे दारापासून दारापर्यंत दोन तास. जाऊन-येऊन चार. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वीस तास, म्हणजे आठवड्यातला जवळजवळ एक अख्खा दिवस प्रवासात. हा हिशेब सगळ्यांनाच येतो, पण ‘बसून जाऊ’ या दोन शब्दांवर तो विसरला जातो. बदलापूरहून सुटणारी गाडी आहे ना, मग जागा मिळणारच! मिळत नाही. अंबरनाथ, उल्हासनगरची मंडळी डाऊन गाडीत बसून उलटी इथवर येतात आणि तीच गाडी अप झाली की जागेवरच राहतात. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात, तिघांच्या बाकावरच्या फोर्थ सीटवरही कुणाचं तरी अर्धं बूड असतं. आणि कर्जतहून येणारी गाडी तर भरूनच येते.

भावापेक्षा अवघड गणित त्याच्या बायकोचं होतं, आणि ते कुणी मांडलंच नव्हतं. ठाणं जवळ, म्हणून तिला सोपं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. पण सीएसएमटीला सगळेच उतरतात, तिथं गर्दीच तुम्हाला बाहेर काढते. ठाण्याला मात्र चढणाऱ्यांच्या लोंढ्यातून उलटं उतरायचं असतं. त्यासाठी डोंबिवली गेली की दाराकडं सरकायला लागायचं, म्हणजे बसायला मिळालं तरी वेळेआधी उठायचं. त्या मंगळवारी ती लेडीज डब्यातून गेली आणि दुपारी फोन करून एवढंच म्हणाली, ‘दादा, ओढणी पिन करूनच यायला हवं होतं.’

ही झाली गाडीत बसणाऱ्यांची गोष्ट. उपनगर निवडताना आपण तीच लावून धरतो, कारण घराचा हप्ता तेच भरणार असतात. पण सकाळी आठ ते रात्री आठ ते दोघं त्या गावात नसतातच. गाव वापरायचं असतं मावशीला आणि पोरीला, आणि साइट व्हिजिटला त्यांना विचारतं कोण? पोरीला बागेतली घसरगुंडी दाखवतात, मावशीला खुर्ची देतात.

म्हणून त्या दिवशी दोघं कामाला गेल्यावर मी मावशीला घेऊन पुन्हा त्याच सोसायटीत गेलो. तिनं पहिल्या पाच मिनिटांत जे विचारलं ते आम्हा तिघांना महिन्याभरात सुचलं नव्हतं. रात्री दम लागला तर न्यायचं कुठं? लिफ्ट बंद पडली तर किती वेळ बंद असते? भाजीवाला आत येतो की गेटवर अडवतात? सेल्समनजवळ याची उत्तरं नव्हती. वॉचमनकडं होती. मावशी त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, गाव कुठलं, मुलं किती, असं करत अर्ध्या तासात तिला कळलं की दुपारी तीनला टँकर येतो, सातव्या मजल्यावर पाणी चढत नाही, आणि संध्याकाळी पार्किंगच्या कट्ट्यावर सहा-सात बायका बसतात. ‘बायका बसतात ना, मग बघू,’ ती म्हणाली. टँकरचं तिनं मनात ठेवलं.

पाण्याबद्दल बदलापूर चमत्कारिक आहे. गावाच्या अंगावरून उल्हास वाहते, जवळच एमआयडीसीचं बारवी धरण आहे, आणि तरी उन्हाळ्यात कळशा दिसतात. बारवीचं पाणी कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या मोठ्या शहरांना जातं. बदलापूर पितं ते मुख्यतः उल्हासचं, जीवन प्राधिकरणामार्फत. एखाद्या इमारतीला ते किती आणि किती दाबानं मिळेल, हे ती इमारत जलवाहिनीच्या कुठल्या टोकाला आहे यावर ठरतं. माहितीपत्रकात हे नसतं. शेजारच्या, पाच वर्षं जुन्या इमारतीत जाऊन मेंटेनन्सच्या हिशेबात टँकरचा खर्च किती, हे विचारावं. सेक्रेटरी सांगायला नाखूश दिसला तर तेही उत्तरच आहे.

तीच उल्हास पावसाळ्यात उलटी वागते. २६ जुलै २००५ चा पूर मुंबईकरांना मिठी नदीमुळं आठवतो, इकडं तो उल्हासमुळं आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, ते चित्र टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी पश्चिमेला नदीकडच्या वस्त्यांत तळमजले बुडाले होते, ते फार कुणी पाहिलं नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला, हे नगरपालिकेच्या नकाशावर बघता येतं. नाहीतर जुन्या गल्लीत जाऊन भिंतींवरची पाण्याची खूण बघावी. रंग नवा असला तर इस्त्रीवाल्याला विचारावं, तो छातीपाशी हात धरून दाखवतो.

आपल्याकडं घराचं बुकिंग मुहूर्तावर होतं, ही यातली खरी मेख. पाडव्याला बुक केलं तर पूर दिसत नाही. दसऱ्याला केलं तर टंचाई दिसत नाही, धरणं भरलेली आणि डोंगर हिरवागार असतो. मुहूर्ताला माझा विरोध नाही. पण पाडव्याला आवडलेलं घर एकदा जुलैत जाऊन बघावं, मग दसऱ्याला पैसे द्यावेत.

शाळेचं काय? बोर्ड कुठलं आणि फी किती, हे सगळेच विचारतात. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या थांबल्या. तेव्हापासून मी पालकांना वेगळं विचारायला सांगतो. लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? व्हॅनमध्ये बाई असते का? आणि आई ठाण्यात, बाप फोर्टात असताना गाड्या बंद पडल्या तर पोरीला शाळेतून आणणार कोण? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी आजी हेच येतं. मग ती शाळा आजीच्या पायांच्या टप्प्यात हवी, बापाच्या रिक्षाच्या नव्हे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वकील जास्त चांगलं सांगतील. १ मे २०१७ पासून महारेरा आहे, तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की ताबा देण्याची कबूल केलेली तारीख, मंजूर नकाशे, विकलेली घरं, सगळं दिसतं. पण नंबर आहे म्हणून डोळे मिटू नयेत. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. तिथल्या रहिवाशांकडं करारनामे होते, कर्जंही होती. म्हणून बांधकामाची परवानगी नगरपालिकेत जाऊन ताडून बघावी आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन वाचावं. ‘ओसी येतंय’ हे वाक्य इकडं काही इमारतींत दहा-दहा वर्षं ऐकू येतं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, मी लोकांना इथून पळवून लावतो. तसं नाही. मी स्वतः परळच्या एका खोलीतून इथं आलो आणि पहिल्या रात्री दार लावून एकटा झोपलो तेव्हा वयाची चौतिशी उलटली होती. ते सुख किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. पण माझ्या घरी तेव्हा गुडघे गेलेलं कुणी नव्हतं आणि पहिलीतलं मूलही नव्हतं. माझ्यावरून भावानं ठरवणं चुकीचंच होतं.

त्यानं शेवटी टोकन परत मागितलं, बरीच हुज्जत घालून मिळवलं, आणि त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं घर घेतलं. सासरे म्हणाले, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. भावानं विचारलं, कुठल्या पाण्यात, टँकरच्या की उल्हासच्या? सासरे त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाहीत.

आता तिथं स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय. ज्या दिवशी नळाला पाणी आलं नाही त्या चौकोनात मावशी पेन्सिलीनं फुली मारते, आणि सून रात्री नऊनंतर घरी आली की त्याच चौकोनात टिंब देते. एप्रिलच्या पानावर चार फुल्या आणि अकरा टिंबं आहेत. मे अजून चालू आहे. परवा मी गेलो तर मावशी घरात नव्हती. पार्किंगच्या कट्ट्यावर सात बायकांत आठवी बसली होती, आणि त्यांना तुमच्याकडं पाणी कधी येतं, हे विचारत होती.